अंदाज बंद

जयकुमार मगदूमांनी व्हेंटिलेटरला आधी ‘हो’ म्हटलं, नंतर ‘नको’ म्हटलं, आणि या दोहोंच्या मध्ये बहुरूपीची बातमी आली. ती आली नसती तर त्या ‘नको’वर त्यांची बायको वसुधा रडली असती, भांडली असती, अबोला धरून बसली असती. आता तिला संशय आला.

जयकुमार जनावरांचे डॉक्टर. सांगलीच्या आसपासच्या गावांमधून गाई-म्हशींची बाळंतपणं करत हिंडलेला, गोठ्यात उभं राहून पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारा माणूस. साठी ओलांडली आणि मोटर न्यूरॉनचा आजार जडला. आधी बोटांतली ताकद गेली, मग पायांतली, मग जीभ जड झाली. गडी खाटेला खिळला. पण मुका मात्र झाला नाही, कारण तोवर बोलक्या पट्ट्या आल्या होत्या.

पट्टी म्हणजे गळ्याला आणि जबड्याखाली चिकटवायची एक पातळ, कातडीच्या रंगाची चिकटपट्टी, आणि खाटेशेजारच्या स्टुलावर डब्याएवढा संगणक. आपण बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूकडून जिभेला, ओठांना, गळ्याला हुकूम सुटतात. स्नायू हलले नाहीत तरी त्या हुकुमाची विजेची बारीक थरथर कातडीपर्यंत येऊन पोचते. पट्टी ती थरथर टिपते आणि संगणक तिचे शब्द करतो. डेअरीच्या मेळाव्यांतली जयकुमारांची जुनी भाषणं कोणीतरी फोनवर टिपून ठेवली होती, त्यामुळे आवाजही त्यांचाच मिळाला होता. पट्टी बसवली त्या दिवशी त्या डब्यातून पहिलं वाक्य आलं, “वसू, चहा कर की,” तेव्हा वसुधा स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली होती. चहा त्यांना घोटभरही गिळता येत नव्हता. तरी तिनं केला आणि त्यांच्याशेजारी बसून स्वतः प्याली.

तेव्हापासून घर बोलतं राहिलं. ती पेपर वाचून दाखवायची, ते शेरे मारायचे. शेजारच्या कुसनाळे काकूंची नक्कल करायचे. गणपतीच्या सुमारास डॉक्टर शेटे बाईंनी छाती तपासली आणि स्पष्टच सांगितलं, की फुप्फुसांचे स्नायू थकत आलेत. दिवाळीनंतर गळ्याला छिद्र पाडून कायमचा व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे आता ठरवा. लावला तर काही वर्षं मिळतील, पण ती खाटेवरची, यंत्रावरची वर्षं असतील. नाही लावला तर काही महिने. डॉक्टरांनी प्रश्न थेट जयकुमारांना विचारला होता.

“हो, लावू या की,” पट्टी म्हणाली होती. “वसूला एवढ्यात सुट्टी द्यायची नाही मला.”

शेटे बाई हसल्या. वसुधा पण हसली.

मग दसऱ्याच्या आधी बहुरूपी आला. परदेशातल्या कुठल्याशा संशोधन संस्थेनं आधी त्याला एक अवघड नाव दिलं होतं. मराठी वाहिन्यांनी एकाच संध्याकाळी त्याचं बारसं करून टाकलं. नेहमीचा व्हायरस फायली खातो, पैसे मागतो, संगणक बंद पाडतो. हा तसलं काहीच करत नाही, असं तज्ज्ञ सांगत होते. आजकालची जी यंत्रं माणसाची भाषा समजून पुढचा शब्द स्वतः जुळवतात त्यांच्या त्या जुळवणाऱ्या भागात हा जाऊन बसतो आणि एखादाच लहानसा शब्द फिरवतो. होचं नाही करतो, हवंचं नको. बाकी सगळं जसंच्या तसं. त्यामुळे तो आलाय हे घरच्यांना कळतच नाही. आत्ता तो निजून आहे आणि एक नोव्हेंबरला जगभर एकदम जागा होईल, असं एकानं सांगितलं. काही ठिकाणी तो आधीच जागा झालाय, असं दुसऱ्यानं.

तिथून पुढे सांगलीत दुसरा विषय उरला नाही. वाहिन्यांवर पडद्याच्या कोपऱ्यात उलट मोजणीचं घड्याळ लागलं. मोबाइलच्या दुकानांवर ‘येथे बहुरूपी कवच मिळेल’ असे फलक झळकले. राउटरला चांदीच्या वर्खासारखा स्वयंपाकाचा कागद गुंडाळा, असा निरोप फोनाफोनी फिरत आला. कुसनाळे काकूंनी तर राउटरला लिंबू-मिरची बांधली आणि वसुधालाही एक जोडी आणून दिली.

“हसू नको गं,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडं तर तो नवराच होऊन बोलेल.”

काकू बोलून गेल्या आणि विसरल्या. वसुधा विसरली नाही.

दसऱ्यानंतर एका सकाळी ती नळीतून जयकुमारांना पातळ पेज देत होती. बोलता बोलता म्हणाली, “शेटे बाईंचा फोन होता. दिवाळी झाली की लगेच दाखल व्हा म्हणाल्या.”

डब्यातून मग आवाज आला. “नको.”

“काय नको?”

“व्हेंटिलेटर. नको.”

तिचा हात थांबला. जयकुमार असं बोलत नसत. त्यांच्या बोलण्याला शेपूट असायची, ‘वसू’ असायचं, ‘की’ असायचं. हे दोन शब्द दगडासारखे येऊन पडले होते.

“अहो, गणपतीत हो म्हणालात की! मला सुट्टी द्यायची नाही म्हणालात!”

“नको,” डबा पुन्हा म्हणाला. आणि थोड्या वेळानं, अगदी नेहमीच्या लाडिक सुरात, “वसू, पेज आज छान झालीय हं.”

तिनं त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. आजाराच्या सुरुवातीला त्यांनी पापण्यांच्या खुणा ठरवल्या होत्या, पण पट्टी आल्यावर त्या मागं पडल्या. आता डोळ्यांतून सारखं पाणी वाहायचं, पापण्या आपोआप मिटायच्या. खूण कुठली आणि थकवा कुठला, हे तिला कळेना. आणि पेजेची चव घेऊन त्यांना किती दिवस झाले होते!

त्या दिवसापासून वसुधा डब्यावर पाळत ठेवू लागली. काम करता करता कान तिकडेच. कुठलं वाक्य त्यांचं वाटतं, कुठलं नाही, हे ती मनाशी निवडत राहायची, तांदळातले खडे निवडावेत तसं. पण निवडताना हात थरथरू लागला की खडाही तांदळासारखाच दिसतो.

एकदा तिनं परीक्षा घ्यायची ठरवलं. शेजारी बसून सहज विचारल्यासारखं विचारलं, “आपलं लग्न ठरलं तेव्हा तुमच्या आईंनी मला पहिला प्रश्न काय विचारला होता?”

“म्हशीची धार काढता येते का,” डबा तत्काळ म्हणाला. “आणि तू म्हणालीस, शिकवलीत तर येईल.”

बरोबर होतं. तिचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. ही गोष्ट तिनं आल्यागेल्याला कितीदा तरी सांगितली होती, याच खोलीत, याच डब्यासमोर. डब्याला कान होतेच. म्हणजे या घरात कधीच तोंडातून न निघालेलं असं काही विचारायला हवं होतं.

असं एक तिला सापडलं. लग्न झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात दोघं कुंभोजच्या बाहुबलीला गेले होते. डोंगर उतरताना जयकुमार वाट सोडून काट्यांत शिरले आणि ओंजळभर करवंदं घेऊन आले. सदऱ्याची बाही टरकली होती. बाही कशी फाटली ते त्यांनी घरी कोणाला सांगितलं नाही, तिनंही नाही.

“कुंभोजच्या डोंगरावर तुम्ही माझ्यासाठी काय तोडून आणलं होतं?”

या वेळी उत्तराला वेळ लागला. जयकुमारांच्या गळ्याची शीर किंचित हलल्यासारखी वाटली. मग तो प्रेमळ, भरदार आवाज म्हणाला, “किती जुनी गोष्ट काढलीस, वसू! फूलच असणार. दुसरं काय देणार मी तुला?”

असणार!

ती उठली, राउटरची वायर भिंतीतून उपटून काढली आणि लिंबू-मिरचीसकट तो राउटर कपाटात कोंबून ठेवला.

दुपारी चारुशीलाचा फोन आला. चारुशीला त्यांची एकुलती लेक. बंगळूरला एका संगणक कंपनीत होती आणि रोज दुपारी नेटवरून थेट बाबांच्या डब्याशी जोडून घेऊन त्यांच्याशी गप्पा मारायची.

“आई, बाबांचं मशीन लागत नाहीये. नेट गेलंय का?”

“मी काढलंय.”

“का?”

वसुधाच्या मनात दिवसभर जे साचलं होतं ते एकदम वर आलं. गणपतीत चारू आली होती तेव्हा डॉक्टरांच्या खोलीबाहेर ती म्हणाली होती, ‘आई, व्हेंटिलेटरवर माणसं कशी असतात ते तू पाहिलंयस का? बाबांचे हाल होतील.’ चारूला संगणकातलं सगळं कळतं. चारू रोज त्या डब्यात शिरते.

“तू काही केलंस का त्या मशीनला?”

“म्हणजे?”

“बाबा आता नको म्हणतायत. तुला पाहिजे होतं तसं.”

“आई, तू काय विचारतेयस ते तुला कळतंय ना?”

“मला काही कळत नाही. बाहेरून त्या डब्यात शिरणारी तू एकटीच आहेस.”

“मी बाबांशी बोलायला शिरते,” चारू म्हणाली. “ठीक आहे. नको लावूस नेट.” आणि तिनं फोन ठेवला.

वसुधाला वाईट वाटलं, पण संशय काही हटला नाही. संशयाला वाईट वाटण्याशी देणंघेणं नसतं. तिनं हॉस्पिटलला फोन लावला आणि पट्ट्यांचं काम बघणाऱ्या निहाल मुल्लाला बोलावून घेतलं.

निहाल तिशीतला, शांत गडी. त्यानंच दोन वर्षांपूर्वी पट्टी बसवली होती आणि तो तिला काकू म्हणायचा. आल्यावर त्यानं डब्याला आपलं यंत्र जोडलं आणि तपासणी लावली. ती चालू असताना वसुधा त्याच्याही हातांकडे बघत होती. हासुद्धा दर महिन्याला येतो, काहीबाही भरतो. यानं काय भरलं कोणाला ठाऊक?

“सापडत तर काही नाही काकू,” निहाल म्हणाला. “पण तो सापडत नाही म्हणूनच तर सगळे घाबरलेत. खात्री कोण देणार? कंपनीनं दोन उपाय सांगितलेत. एक म्हणजे सगळं पुसून पहिल्यापासून शिकवायचं. ते काकांना आता झेपायचं नाही. शिकवायला तीन महिने रोज बोलावं लागतं, आणि स्नायूंत तेवढा जीव राहिलेला नाही.”

“आणि दुसरा?”

“बहुरूपी बसलाच तर अंदाज बांधणाऱ्या भागात बसतो. तो भाग बंद ठेवायचा, एक तारीख होऊन जाईपर्यंत. मग त्याला बसायलाच जागा नाही.”

“अंदाज म्हणजे?”

निहाल खुर्चीवर जरा पुढे सरकला. “बघा, पट्टीला काकांचा सगळा शब्द ऐकू येत नाही. तुकडे येतात. ‘पा’ आला, पुढं काही तरी पुसट आलं. पाणी, की पाय, की पाऊस? दुपार आहे, तुम्ही शेजारी आहात, मागचं बोलणं काय चाललं होतं, हे सगळं बघून मशीन उरलेलं भरतं. मोबाइल पुढचा शब्द सुचवतो ना, तसंच. फक्त हे विचारत नाही, बोलून टाकतं.”

“किती भरतं?”

त्यानं आधी जयकुमारांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “बसवलं तेव्हा दहातले आठ शब्द काकांचे होते, दोन मशीनचे.”

“आणि आता?”

निहालनं आपल्या यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. आकडे उलटे झाले होते.

“तुम्हाला माहीत होतं हे?”

“स्नायू कमी होत जातात तसं मशीन जास्त बोलायला लागतं, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत असतं, काकू. मीच सांगायला पाहिजे होतं. पण दर वेळी यायचो तेव्हा तुम्ही दोघं हसत असायचा. तोंड उघडवत नव्हतं.”

“बंद करा ते,” वसुधा म्हणाली. “अंदाज बंद करा.”

निहालनं एक कळ फिरवली. घर गप्प झालं.

पहिल्या दिवशी डब्यातून फक्त घरघर आली, लहान मूल ओठ मिटून गुणगुणतं तशी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास, “ख... ख... की,” असं काही आलं. वसुधानं खिडकी उघडली. जयकुमारांचा चेहरा सैल पडला. एका शब्दासाठी त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तिनं तो पुसला.

कुसनाळे काकूंची नक्कल नाही, पेपरवर शेरा नाही, चहाचं कौतुक नाही. रोज फार तर एखाददुसरा शब्द यायचा, तोही अर्धा. आणि ते शब्द वेगळेच होते. ‘पाठ’. ‘माशी’. एकदा, ती आमटी फोडणीला टाकत असताना, ‘वास’. म्हणजे एवढे दिवस यांना पाठीला टोचत होतं, माशी हाकलता येत नव्हती, फोडणीचा वास आवडत होता, की सोसवत नव्हता? आणि डबा म्हणत होता, वसू, तू दमली असशील, बस जरा. तिनं कूस बदलून पाहिलं तर पाठीला मोठा लाल चट्टा उठला होता. तो चट्टा बघत ती कितीतरी वेळ उभी राहिली.

तिला रागच आला. बहुरूपी आला असेल-नसेल, पण दुसऱ्याच्या आवाजात बोलणारा कुणीतरी दोन वर्षं या खोलीत राहत होता, आणि तिनं त्याला जेवू-खाऊ घातलं नाही एवढंच. त्याच्याशी ती बोलली होती, त्याच्या विनोदांवर हसली होती, आपल्या दुखण्याखुपण्याच्या गोष्टी त्याला सांगितल्या होत्या. आणि तो तिला आवडेल तेच बोलत गेला होता, कारण या घरात सगळ्यात जास्त आवाज त्यानं तिचाच ऐकला होता.

मग हे गप्प डबडं तरी खरं बोलतं कशावरून? तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. दुपारचं ऊन खाटेवर आलं होतं. जयकुमारांचा हात हातात घेऊन ती म्हणाली, “कुंभोजच्या डोंगरावर काय आणलं होतंत?”

तिनं वाट पाहिली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करून ती परत येऊन बसली. गळ्याची शीर हलत होती, थांबत होती.

“क... र्,” डबा म्हणाला. बराच वेळ काही नाही. “...वं.”

वसुधानं त्यांच्या हातावर डोकं टेकलं. ती रडली नाही. तिला भीती वाटली. आता ‘नको’ कोणाचं होतं, हे न विचारायला कुठलाच आडोसा राहिला नव्हता.

तरी तिनं ते विचारलं नाही. पुढे ढकललं. वाहिन्यांवरचं घड्याळ चालू होतं, एक तारीख व्हायची होती. जगाचं काय ते ठरू दे आधी, मग आपलं बघू, असं ती स्वतःला समजावत राहिली.

त्या वर्षी एक नोव्हेंबरलाच दिवाळीची अमावास्या आली. सकाळी वसुधा बसदीत, जैन मंदिरात, जाऊन महावीरांचा निर्वाण लाडू चढवून आली. गावात सगळी दुकानं अर्धी उघडी होती, लोकांनी संगणक बंद करून ठेवले होते, बँकेचा दरवाजा ओढलेला होता. संध्याकाळी दिवे लागले. आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वाहिन्यांवर दोन दिवस ‘संकट टळले’ची धामधूम झाली, मग तज्ज्ञ एकमेकांवर घसरले. ज्या संस्थेनं इशारा दिला होता तिनं नमुने मोजण्यात चूक झाल्याचं कबूल केलं. व्हायरस होता, पण तो प्रयोगशाळेतल्या काही यंत्रांपलीकडे कधी गेलाच नव्हता. बहुरूपी कवचाचे फलक उतरले आणि त्यांच्या जागी फोनच्या दिवाळी सवलतींचे लागले.

निहाल भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला.

“काकू, मशीन स्वच्छ आहे. शंभर टक्के. अंदाज चालू करू का परत?”

वसुधा जयकुमारांच्या उशाशी उभी होती. “मला एक सांगा. चालू असताना ते ‘नको’ म्हणाले होते, एकदम कोरडं. ते मशीननं भरलेलं असेल?”

“कोरडं आलं म्हणता?” निहालनं विचार केला. “मग ते काकांचंच. सिग्नल जोरात आला तर मशीन त्याला हात लावत नाही. पुसट आला तरच स्वतःचं घालतं. काकांच्या अंगात आता जेवढा जोर आहे तेवढा सगळा लावून बोलले असणार.”

“आणि त्याआधीचं ‘हो’?”

“ते मी सांगू शकत नाही,” निहाल खाली बघत म्हणाला. “काय शब्द होते?”

“लावू या की. वसूला एवढ्यात सुट्टी द्यायची नाही.”

“एवढं मोठं वाक्य?” तो म्हणाला.

वसुधा खाटेच्या कडेला बसली. जे इतके दिवस टाळलं होतं ते तिनं सरळ विचारलं, परका माणूस खोलीत असताना, कारण तो गेल्यावर पुन्हा धीर झाला नसता.

“अहो, तुम्हाला माहीत होतं? की हे डबडं तुमच्या नावानं काहीही बोलतंय?”

शीर हलली. “हो.”

“मग सांगितलं का नाहीत? कधीतरी नुसतं ‘खोटं’ म्हणायचं होतंत!”

या उत्तराला फार वेळ लागला. निहाल उठून खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. घाम आला, तिनं पुसला, पुन्हा आला. तुकडा तुकडा येत राहिला आणि तिनं कुठलाही तुकडा मधे उचलला नाही, पुरा होऊ दिला.

“तू... हस... त... हो... तीस.”

वसुधानं पदर तोंडाशी धरला.

थोड्या वेळानं डबा पुन्हा म्हणाला, “चा... लू... कर.”

निहालनं वळून पाहिलं. “काका चालू कर म्हणतायत, काकू.”

“ऐकलं मी.” तिनं जयकुमारांच्या डोळ्यांतलं पाणी टिपलं. “माझ्यासाठी म्हणतायत. मला सोबत पाहिजे म्हणून. नाही करायचं. तुमचं बाकी सगळं ऐकीन,” ती त्यांना म्हणाली, “हे एवढं नाही. आणि व्हेंटिलेटर?”

ते एकदम आलं, न तुटता, न थांबता. “नको.”

निहाल गेल्यावर तिनं कपाटातून राउटर काढला, भिंतीला लावला आणि बंगळूरला फोन केला. चारूनं उचलायला वेळ लावला.

“बाबा नको म्हणाले,” वसुधा म्हणाली.

“आई, परत तेच? मी काही केलेलं नाही.”

“तू नाही केलंस. कोणीच नाही केलं. तेच म्हणाले. मी समोर बसून ऐकलं.” तिला पुढचं बोलायला त्रास झाला. “तुझ्यावर संशय घेतला मी, चारू. मला ते ‘नको’ नको होतं. म्हणून कोणीतरी ते घातलेलं असावं, एवढंच मला हवं होतं.”

चारू रडत होती की काय, कळलं नाही. मग म्हणाली, “मी येते. सुट्टी टाकते.”

“ये. पण आल्यावर ते बोलतील असं समजू नकोस. शेजारी बसायचं नुसतं. फार वेळ बसावं लागतं.”

शेटे बाईंना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. बाईंनी एकदा घरी येऊन जयकुमारांच्या तोंडून ऐकलं आणि मान हलवली.

जयकुमार गुढीपाडव्यापर्यंत होते. चारू घरून काम करत त्यांच्या खोलीतच टेबल लावून बसायची. शब्द आणखी विरळ झाले. दोघी मायलेकी पाळीपाळीनं शेजारी असायच्या. शब्द आला की दुसरीला हाक मारायच्या, कळला तर ते करायच्या, नाही कळला तर पुन्हा विचारायच्या. पाठीचा चट्टा भरून आला. फोडणीचा वास त्यांना आवडायचा, हेही कळलं, आणि मग वसुधा मुद्दाम स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून फोडणी द्यायला लागली.

शेवटच्या सकाळी श्वास उथळ झाला होता. चारू शेटे बाईंना फोन लावायला बाहेर गेली आणि तेवढ्यात डब्यातून काहीतरी आलं. एकच, लहानसं, घशात अडकलेलं. वसुधानं कान डब्याशी नेला. पुन्हा आलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर एकदा चारूनं विचारलं, “शेवटी काय म्हणाले गं बाबा?”

“कळलं नाही.”

“‘वसू’ म्हणाले असतील.”

“असेल.”

“किंवा पाणी मागितलं असेल. किंवा मला हाक मारली असेल. मी बाहेर होते ना!” “तू ऐकलंस तर तुला साधारण काय वाटलं?”

वसुधा ओट्यावरची भांडी आवरत होती. हातातलं पातेलं तिनं खाली ठेवलं.

“नाही कळलं, चारू,” ती म्हणाली. “मी नाही सांगायची. ते त्यांचं होतं.”